संशय, निर्णय आणि व्हिसा : परदेशातल्या माणसावर गुन्ह्याचा आरोप झाला तर

(दुसरबीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी तो सांगितला आणि त्यांना जरा नवल वाटलं. तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस, तोही निवृत्त, अमेरिकेच्या व्हिसावर काय बोलणार? वकील मी नाही, हे आधीच सांगून टाकतो. आज मी जे सांगेन त्यावर विसंबून कोणी कोर्टात जाऊ नये. पण हा विषय मी का घेतला, ते ऐका.

आपल्या तालुक्यातलं एक घर आहे. घरची शेती, सोयाबीन आणि कापूस. मुलगा इंजिनिअर झाला, अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरीला लागला. एका शनिवारी मित्राकडे जेवण झालं, दोन पेले झाले, आणि परत येताना पोलिसांनी गाडी थांबवली. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक. रात्रभर ठेवलं, सकाळी सोडलं. पुढे कोर्टात दंड झाला, काही महिने लायसन्स गेलं, एक वर्ग करावा लागला.

मुलाचे वडील माझ्याकडे आले. माझा विद्यार्थी नाही, पण "सर" म्हणतो. म्हणाला, "सर, पोरगं तर सुटलं. आता काही भ्या नाही ना?" आणि मी, मोठ्या विश्वासानं, त्याला सांगितलं, "अरे, दंड भरला ना? मग संपलं. आपल्याकडं काय लोकांना दंड होत नाही का?"

संपलं नव्हतं. काही आठवड्यांनी मुलाला ई-मेल आला, की तुमचा व्हिसा रद्द करण्यात आला आहे. आणि सहा महिन्यांवर बहिणीचं लग्न होतं. मुलानं यावं की न यावं, हा प्रश्न घेऊन तो बाप पुन्हा माझ्या ओट्यावर येऊन बसला. मी चुकीचा धीर दिला होता. ती चूक मला लागून राहिली, म्हणून वाचायला बसलो. जे समजलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

चार शब्द वेगळे ठेवा

आपण बोलताना सगळं एकात एक करतो. "त्याच्यावर केस झाली" म्हणतो. पण अटक वेगळी, आरोप वेगळा, दोष सिद्ध होणं वेगळं आणि शिक्षा वेगळी. अटक म्हणजे पोलिसांनी ताब्यात घेतलं. आरोप म्हणजे सरकारनं लेखी म्हटलं, की यानं हा गुन्हा केला. दोषसिद्धी म्हणजे न्यायालयानं ते मान्य केलं. आणि शिक्षा म्हणजे त्याबद्दल जे भोगायचं ते.

आपल्या न्यायदर्शनात सोळा पदार्थ सांगितले आहेत. त्यात 'संशय' तिसरा आहे आणि 'निर्णय' नववा. मध्ये दृष्टान्त आहे, अवयव आहेत, तर्क आहे. म्हणजे संशयापासून निर्णयापर्यंत पोचायला मधली सगळी वाट चालावी लागते. फौजदारी कायदा हेच मानतो. दोष सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष.

परदेशी नागरिकाच्या बाबतीत मात्र दोन कायदे एकाच वेळी लागू असतात. फौजदारी कायदा निर्णयाची वाट बघतो. परदेशी माणसाला देशात राहू द्यायचं की नाही हे ठरवणारा कायदा, म्हणजे इमिग्रेशनचा कायदा, पुष्कळदा संशयावरच चालायला लागतो. हा फरक लक्षात आला की पुढचं सगळं उलगडतं.

हे आपल्याला अगदीच अनोळखी नाही. तडीपारी माहीत आहे ना? महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, कलम ५६. एखाद्या माणसामुळे लोकांच्या जिवाला, मालमत्तेला धोका आहे आणि भीतीपोटी साक्षीदार पुढे येत नाहीत, असं अधिकाऱ्याला वाटलं, तर त्याला जिल्ह्याबाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. तिथं खटला चालून दोष सिद्ध व्हावा लागत नाही. कायदा म्हणतो, ही शिक्षा नाही, प्रतिबंधक उपाय आहे. ज्याला घर सोडावं लागतं त्याला विचारा, त्याला ते काय वाटतं.

"ही शिक्षाच नव्हे"

नेमकं हेच वाक्य अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १८९३ साली उच्चारलं. फाँग यू टिंग नावाच्या चिनी माणसाचा खटला होता. न्यायालय म्हणालं, परदेशी माणसाला देशाबाहेर काढणं ही गुन्ह्याची शिक्षा नाही. तो सरकारचा अधिकार आहे. एकदा शिक्षा नाही म्हटलं, की शिक्षेसोबत येणारी संरक्षणंही गळून पडतात. म्हणून आजही तिथल्या इमिग्रेशन कोर्टात उभ्या असलेल्या माणसाला सरकारी खर्चानं वकील मिळण्याचा हक्क नाही. वकील करा, पण स्वतःच्या पैशानं. फौजदारी कोर्टात गरिबाला वकील मिळतो. तिथून उठून शेजारच्या इमारतीत गेलात की मिळत नाही.

आपण अमेरिकेला नावं ठेवायला जमलो नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात सांगितलं, की परदेशी माणसाला देशाबाहेर घालवण्याचा भारत सरकारचा अधिकार अनिर्बंध आहे. तेव्हा १९४६ चा परदेशी नागरिक कायदा होता. आता त्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे, पण हे सूत्र तसंच आहे. जगभर तेच आहे. नागरिक घरातला, परदेशी पाहुणा. आणि पाहुण्याला कारण न सांगता जा म्हणता येतं.

पण चाळीस वर्षं राहिलेला, तिथंच लग्न केलेला, तिथंच मुलं झालेला माणूस पाहुणा असतो का? हा प्रश्न मनात ठेवा. आपण त्याच्याकडे परत येऊ.

पहिला सापळा : कोर्टाने सोडलं, तरी दोषी

अमेरिकेत बहुतेक फौजदारी प्रकरणं खटला चालून संपत नाहीत, तडजोडीनं संपतात. सरकारी वकील म्हणतो, गुन्हा कबूल कर, मी सौम्य शिक्षा मागतो. पुष्कळ राज्यांत अशीही सोय आहे, की कबुली द्या, वर्षभर नीट वागा, समाजसेवा करा, मग प्रकरण काढून टाकू. राज्याच्या दप्तरी ते मिटतं. मुलगा घरी फोन करून सांगतो, "बाबा, केस डिसमिस झाली."

इथं फसगत होते. १९९६ मध्ये अमेरिकेच्या संसदेनं इमिग्रेशनसाठी 'दोषसिद्धी'ची स्वतःची व्याख्या केली. माणसानं गुन्हा कबूल केला, किंवा दोष ठरायला पुरेशी तथ्यं मान्य केली, आणि न्यायाधीशानं कुठलीही शिक्षा किंवा बंधन घातलं, की झाली दोषसिद्धी. राज्यानं नंतर ते प्रकरण पुसलं तरी इमिग्रेशनच्या पाटीवर ते राहतं. शिक्षा स्थगित ठेवली, एक दिवसही तुरुंगात जावं लागलं नाही, तरी कागदावर लिहिलेली मुदतच मोजली जाते.

जोसे पादिया यांची गोष्ट इथं सांगायला हवी. जन्म होंडुरासचा. चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य, व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकेकडून लढलेले. ट्रक चालवायचे. ट्रकमध्ये गांजा सापडला. त्यांच्या वकिलानं सांगितलं, इतकी वर्षं इथं आहात, इमिग्रेशनची काळजी करू नका, गुन्हा कबूल करा. त्यांनी केला. आणि त्या कबुलीमुळे देशाबाहेर काढलं जाणं जवळजवळ अटळ झालं.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३१ मार्च २०१० रोजी निकाल लागला. न्यायालय म्हणालं, परदेशी अशिलाला कबुलीचा इमिग्रेशनवर काय परिणाम होईल हे सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे. चुकीचं सांगितलं तर ते घटनेनं दिलेल्या वकिलाच्या हक्काचं उल्लंघन ठरू शकतं. या निकालात न्यायालयानं हेही मान्य केलं, की देशाबाहेर काढलं जाणं हे अशा प्रकरणात शिक्षेपासून सुटं करता येत नाही. १८९३ पासून तिथवर यायला ११७ वर्षं लागली, आणि तरीही तत्त्व पूर्ण बदललेलं नाही.

मला ही गोष्ट वाचताना माझाच ओटा आठवला. "काळजी करू नको, संपलं." त्या वकिलानं जे केलं तेच मी केलं होतं.

दुसरा सापळा : गुन्ह्याचं नाव

आपल्याला वाटतं, मोठा गुन्हा तर मोठा परिणाम. तिथं तसं सरळ नाही. कोणत्या नावाच्या खणात गुन्हा पडतो, यावर सगळं आहे.

पहिला खण 'नैतिक अधःपतना'चा. हा शब्द तुम्ही ऐकला आहे; आपल्याकडेही निवडणुकीच्या आणि नोकरीच्या नियमांत तो भेटतो. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात तो १८९१ पासून आहे आणि त्याची व्याख्या मात्र कायद्यात नाही. १९५१ मध्ये हा शब्दच फार मोघम आहे, म्हणून घटनाबाह्य ठरवा, अशी मागणी झाली. न्यायालयानं ती फेटाळली. फसवणुकीत नैतिक अधःपतन असतंच, म्हणाले. एका न्यायमूर्तींनी विरोधी मत लिहिलं, की ज्याचा अर्थ न्यायाधीशांनाच सांगता येत नाही त्यावर माणसाला हाकलायचं कसं? नीतिशास्त्र आयुष्यभर शिकवलेला माणूस म्हणून मला ते विरोधी मत पटतं. नीतीची व्याख्या करता करता आमची हयात गेली, आणि इथं त्या शब्दावर घरं उठतात.

चोरी, फसवणूक, लबाडीच्या हेतूनं केलेलं कृत्य या खणात पडतं. दुकानातून वस्तू उचलणंसुद्धा. आपली काही मुलं मोठ्या दुकानात स्वतःच बिल करण्याच्या यंत्रावर दोन वस्तू न मोजता पुढे जातात आणि गंमत समजतात. ती गंमत या खणात जाते. नियम असा : देशात प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा घडला आणि त्याला एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकत असेल, तर देशाबाहेर काढता येतं. लक्षात घ्या, 'झाली' नव्हे, 'होऊ शकत असेल'. आणि वेगवेगळ्या प्रसंगांतले असे दोन गुन्हे झाले तर पाच वर्षांची मर्यादाही नाही.

दुसरा खण 'गंभीर अपराधां'चा. १९८८ मध्ये त्यात खून, अमली पदार्थांचा व्यापार, शस्त्रांचा चोरटा व्यापार एवढंच होतं. पुढे यादी वाढत गेली. १९९६ नंतर एक वर्ष शिक्षा झालेली चोरीही त्यात आली, आणि दहा हजार डॉलरपेक्षा जास्त नुकसान करणारी फसवणूकही. या खणात पडलेल्या माणसाला, ग्रीन कार्ड असलं तरी, सुटकेच्या बहुतेक वाटा बंद होतात.

त्या एका वर्षाचं महत्त्व इतकं, की काही राज्यांनी किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा एका दिवसानं कमी केली, ३६५ ऐवजी ३६४ दिवस. कॅलिफोर्नियानं हे २०१५ पासून केलं, न्यूयॉर्कनं २०१९ मध्ये. स्थानिक माणसाला एका दिवसानं काही फरक पडत नाही. परदेशी माणसाचं मात्र अख्खं घर त्या एका दिवसावर उभं असतं.

तिसरा खण अमली पदार्थांचा. इथं दया फार थोडी. स्वतःच्या वापरासाठी ३० ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगल्याचा एकच प्रसंग, एवढीच काय ती सूट. राज्यानं गांजा कायदेशीर केला असला, तरी केंद्राचा इमिग्रेशन कायदा ते मानत नाही. मुलांना हे कोणी सांगत नाही.

चौथा खण घरातल्या हिंसेचा. जोडीदाराला मारहाण, पाठलाग, मुलांचा छळ यांत दोष ठरला तर देशाबाहेर काढता येतं. न्यायालयानं दिलेला 'दूर राहा' हा आदेश मोडला, तरीही. आणि हा खण असावाच, असं माझं मत आहे. परदेशात एकटी पडलेल्या आपल्या लेकीला हाच कायदा आधार देतो, हे विसरू नका.

नुसता आरोप झाला तर?

आता मूळ प्रश्न. निर्णय झालाच नाही, फक्त संशय आहे, मग?

आधी व्हिसा आणि वास्तव्य यांतला फरक समजून घेऊ. व्हिसा म्हणजे दाराशी दाखवायचा कागद. आत आल्यावर राहायची परवानगी वेगळी असते आणि तिची तारीख वेगळी. दारू पिऊन गाडी चालवल्याच्या अटकेवरून, दोष ठरण्याची वाट न बघता, अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं. २०१५ पासून तशी पद्धतच पडली आहे. आमच्या मुलाचं हेच झालं. तो आत होता, नोकरी चालू होती, राहायची परवानगी शाबूत होती. पण बाहेर पडला, की परत जायला नवा व्हिसा लागणार. त्यासाठी मुलाखत, आणि ठरवून दिलेल्या डॉक्टरकडून दारूच्या सवयीची तपासणी. मिळेल किंवा नाही मिळणार, आणि कधी मिळेल ते कोणी सांगत नाही.

२०२५ च्या वसंतात याहून मोठी गोष्ट घडली. परदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या राष्ट्रीय नोंदींशी ताडून पाहिली गेली आणि हजारो विद्यार्थ्यांच्या वास्तव्याच्या नोंदी एकाएकी बंद केल्या गेल्या. त्यांत भारतीय मुलं बरीच होती. पुष्कळांचं प्रकरण म्हणजे वाहतुकीचा नियम मोडलेला, किंवा केव्हाच मागे घेतलेला आरोप. मुलं कोर्टात गेली, ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी सरकारला थांबवलं, आणि एप्रिलच्या अखेरीस सरकारनं नोंदी पुन्हा चालू करत असल्याचं सांगितलं. जी मुलं घाबरून आधीच विमानात बसली, त्यांचं सत्र गेलं.

त्याच वर्षी २९ जानेवारीला लेकन रायली कायद्यावर सही झाली होती. विनापरवाना आलेल्या, खोटी माहिती देऊन आलेल्या किंवा वैध कागद नसलेल्या माणसावर चोरी, घरफोडी, दुकानातली उचलेगिरी यांचा नुसता आरोप झाला किंवा अटक झाली, तरी त्याला कोठडीत ठेवणं सक्तीचं झालं. इथं संशय आणि निर्णय यांतली भिंत कायद्यानंच पाडली.

आणखी एक प्रकरण सांगतो. सुब्रमण्यम वेदम. मुंबईत जन्म, नऊ महिन्यांचे असताना आई-वडिलांबरोबर पेनसिल्वेनियात गेले. ग्रीन कार्ड होतं. एका मित्राच्या खुनाबद्दल १९८३ मध्ये दोषी ठरले, जन्मठेप झाली. चाळीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. तिथं शिकले, इतरांना शिकवलं. पुढे उघड झालं, की त्यांच्या बाजूचा महत्त्वाचा पुरावा सरकारी पक्षानं पुढे आणलाच नव्हता. २०२५ मध्ये दोषसिद्धी रद्द झाली, ऑक्टोबरमध्ये आरोपही मागे घेतले. ३ ऑक्टोबरला तुरुंगाचं दार उघडलं, आणि दारातच इमिग्रेशनच्या लोकांनी ताब्यात घेतलं. कारण? तरुणपणी अमली पदार्थाच्या एका गुन्ह्यात झालेली दोषसिद्धी आणि त्यावरून निघालेला देशाबाहेर काढण्याचा जुना आदेश. खुनाचा डाग धुतला गेला, पण हा राहिला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयांनी त्यांना भारतात पाठवणं थांबवलं. चौसष्ट वर्षांचा माणूस; ज्या भारतात पाठवायचं, तो त्यानं पाळण्यातून पाहिलेला.

मघाचा प्रश्न इथं परत येतो. हा पाहुणा का?

आपल्या घरची बाजू

आता तुम्ही म्हणाल, अमेरिका लांब आहे. मग जवळचं बघू. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्या आपल्या लोकांकडे ओसीआय कार्ड असतं. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राच्या गृहखात्यानं अधिसूचना काढली : दोन वर्षं किंवा अधिक कैदेची शिक्षा झाली, किंवा सात वर्षं अथवा अधिक शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात दोषारोपपत्र दाखल झालं, तर ही नोंदणी रद्द होऊ शकते. नुसतं दोषारोपपत्र! निर्णय नव्हे.

हे गावाशी कसं जोडलं जातं, ते सांगतो. भाऊबंदकीची जमीन. एक भाऊ इथं कसतो, दुसरा बाहेरच्या देशात. वाटणीवरून बिनसलं, की कोणीतरी सुचवतं, "चारशे वीस टाक त्याच्यावर." जुनं ४२० म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं ३१८. कमाल शिक्षा सात वर्षं. दस्त बनावट केल्याचं जुनं ४६७, आता ३३८, त्याला तर जन्मठेपेपर्यंत. म्हणजे बांधाच्या भांडणातलं एक दोषारोपपत्र भावाचं ओसीआय धोक्यात आणू शकतं. अर्थात, रद्द करण्याआधी बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते, तशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीत आहे. पण तक्रार देणाऱ्यानंही हा विचार करावा. दिवाणी भांडणाला फौजदारी रंग देण्याची आपली सवय आता दुसऱ्या देशातल्या चुलीपर्यंत जाते.

भारतीय पासपोर्टवर बाहेर असलेल्याचं काय? १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार भारतातल्या फौजदारी न्यायालयात प्रकरण प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, कलम ६. आणि असलेला जप्त करता येतो, कलम १०. नुसती एफआयआर म्हणजे प्रलंबित प्रकरण नव्हे, असं अनेक उच्च न्यायालयांनी म्हटलेलं आहे. आणि १९९३ च्या अधिसूचनेमुळे, न्यायालयाची परवानगी आणली तर मर्यादित मुदतीचा पासपोर्ट मिळतो. पासपोर्ट संपला की परदेशातला व्हिसाही लुळा पडतो. म्हणून बुलढाण्यातल्या कोर्टातली एक तारीख न्यू जर्सीतली नोकरी घालवू शकते.

आपल्याकडे आलेल्या परदेशी माणसाची गंमत पाहा. १९४८ च्या परदेशी नागरिक आदेशात अशी तरतूद होती, की फौजदारी आरोपाला उत्तर देण्यासाठी त्याची गरज असेल तर त्याला देश सोडू देऊ नये. म्हणजे आरोप त्याला अडकवून ठेवतो आणि दोष ठरला की तोच कायदा त्याला बाहेर काढतो. तिकडेही थोडंफार असंच.

बाकीच्या देशांचं एका दमात सांगतो. ब्रिटनमध्ये २००७ च्या कायद्यानं बारा महिने किंवा अधिक शिक्षा झालेल्या परदेशी माणसाला बाहेर काढणं हा नियम केला. कॅनडात डिसेंबर २०१८ पासून दारू पिऊन गाडी चालवण्याची कमाल शिक्षा दहा वर्षं झाली आणि त्यामुळे तो 'गंभीर गुन्हा' ठरून कायम रहिवाशाचा दर्जाही जाऊ शकतो. ऑस्ट्रेलियातही बारा महिन्यांची शिक्षा झाली की व्हिसा धोक्यात. तेव्हा "आमचा कॅनडात आहे, तिथं चालतं," असं समजू नका.

मग करायचं काय

एक. अटक झाली तर नाव-पत्ता सांगावा, बाकी वकील आल्याशिवाय बोलू नये. आपली मुलं सज्जनपणानं सगळं सांगून टाकतात. कोर्टात सज्जनपणा आणि कबुली यांत फरक केला जात नाही.

दोन. फौजदारी वकिलाला पहिल्या वाक्यात सांगावं, "मी इथला नागरिक नाही." आणि कबुलीजबाब देण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाचं मत घ्यावं. स्वस्तातली तडजोड सर्वांत महाग पडू शकते.

तीन. आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. १९६३ च्या व्हिएन्ना कराराचं कलम ३६. सांगलीत जन्मलेल्या कुलभूषण जाधवांच्या बाबतीत पाकिस्ताननं हाच हक्क डावलला, असं आंतरराष्ट्रीय न्यायालयानं १७ जुलै २०१९ रोजी सांगितलं. जो हक्क एवढ्या मोठ्या प्रकरणात लागू झाला, तो दारूच्या नशेत पकडलेल्या पोरालाही आहे.

चार. अर्जात खोटं लिहू नये. व्हिसाच्या अर्जात प्रश्न असतो, कधी अटक झाली का. माफी मिळाली असली, प्रकरण मिटलं असलं, तरी उत्तर 'हो'च. मूळ गुन्ह्याला कदाचित क्षमा असते. खोट्या माहितीवरून मात्र कायमची बंदी येऊ शकते.

पाच. प्रकरण संपल्याचा कोर्टाचा शिक्क्याचा कागद घेऊन ठेवावा, आणि वकिलाला विचारल्याशिवाय विमानात बसू नये.

त्या मुलाचं काय झालं, हे तुम्हाला ऐकायचं असेल. त्यानं वकिलाला विचारलं आणि तो आला नाही. बहिणीचं लग्न त्यानं फोनवर पाहिलं. मंगलाष्टकांच्या वेळी त्याचा बाप एका हातानं अक्षता टाकत होता आणि दुसऱ्या हातात फोन धरून उभा होता. दारू पिऊन गाडी चालवणं चूकच. कोणाचा जीव गेला असता. आपल्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो, अपघात काय असतो ते आपल्याला सांगायला नको. पण त्या चुकीची शिक्षा न्यायाधीशानं ठरवली होती आणि ती त्यानं भोगली होती. त्यानंतर जे झालं त्याला कायदा 'शिक्षा' म्हणत नाही. मांडवात उभ्या असलेल्या त्या माणसाला हा शब्दांचा फरक मला समजावून सांगता आला नाही. माझं सगळं शिक्षण तिथं कमी पडलं.

प्रश्नोत्तरे

*प्रश्न : सर, मुलाचं नाव पोलिसात आलं हे गावात कळू नये म्हणून आम्ही लपवतो. त्यात वाईट काय?*

लाज वाटणं स्वाभाविक आहे. पण लपवण्यात पहिले दहा दिवस जातात, आणि तेच महत्त्वाचे असतात. गावाला सांगू नका, वकिलाला सांगा.

*प्रश्न : नागरिकत्व मिळालं की हे सगळं संपतं का?*

बहुतांशी हो. नागरिकाला गुन्ह्यासाठी देशाबाहेर काढत नाहीत. पण नागरिकत्वाच्या अर्जावेळी साधारण मागच्या पाच वर्षांचं वर्तन तपासतात, आणि अर्जात काही दडवलं होतं असं नंतर निघालं, तर मिळालेलं नागरिकत्वही काढून घेता येतं.

*प्रश्न (एक आई) : मुलगा तिकडं, आम्ही इथं. आम्हाला इंग्रजी येत नाही. आम्ही काय करायचं?*

ताई, तुम्ही एक करू शकता. त्याचा पासपोर्ट, व्हिसा, आणि असली तर कोर्टाची कागदं, यांच्या प्रती घरात एका पिशवीत ठेवा. आणि त्याचा फोन आला, तो घाबरलेला असला, तर "काही होत नाही" असं म्हणू नका. मी म्हटलं होतं. "वकिलाला विचारलंस का?" एवढंच विचारा.